नेम धरल्यावर डोकं शांत कसं ठेवायचं? (धनुष्यबाण, शिकार, स्पर्धा)

बाणेदार

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये मी कंपाऊंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य चालवतो आणि संध्याकाळी मुलांना शिकवतो. धाग्याला निमित्त आतेभावाचं. तो मिशिगनला असतो. तिथे धनुष्यबाणाने हरणाची शिकार कायदेशीर आहे, परवाना काढावा लागतो, हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो. घरामागे 20 यार्डांवर, म्हणजे साधारण 18 मीटरवर, त्याचे बाण एकमेकांना खेटून लागतात. पण झाडावरच्या मचाणावर बसल्यावर खरं हरीण आलं की छातीत धडधडतं, गुडघे लटपटतात, साइटची पिन (नेम धरायचा ठिपका) कुठे आहे तेही उमगत नाही. तिकडचे शिकारी याला 'बक फीव्हर' म्हणतात. फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही स्पर्धेत शांत कसे राहता ते सांगा."

मी त्याला जे सांगितलं ते इथे मांडतो. पटलं नाही तर बिनधास्त लिहा.

आयत्या वेळी शांतता आणता येत नाही. माझ्या मते दडपणाचं मूळ 'नेम चुकेल' या भीतीत कमी आणि 'आता सोडायलाच हवा' या सक्तीत जास्त आहे. धनुष्य पूर्ण खेचलं की मनाने ठरवूनच टाकलेलं असतं, बाण जाणार. मग पिन जागेवर आलेली नसली तरी बोट ट्रिगरला झटका देतं. म्हणून माझ्याकडे मुलं बाण सोडण्याइतकंच बाण न सोडणं शिकतात. खेचायचं, अँकर करायचं (दोरीचा हात जबड्यापाशी टेकवायचा), टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर पिन धरायची आणि मी 'उतर' म्हटलं की सावकाश धनुष्य सैल करून पुन्हा सुरुवातीपासून. आपल्याला 'नाही' म्हणता येतं हे हाताला एकदा कळलं की त्याची थरथर कमी होते.

शिकारीत तर याला दुप्पट महत्त्व. स्पर्धेत घाईचा बाण सात गुणांच्या कड्यात जातो, पुढच्या बाणाला भरून काढता येतं. हरणाला तोच बाण पोटात लागतो आणि ते जनावर तासन्‌तास तडफडत मरतं.

तुमचे अनुभव सांगा. धनुष्यच पाहिजे असं नाही. एकच संधी मिळते अशा कुठल्याही कामाबद्दल चालेल.

पंचवटीकर

पहिली हजेरी! नाशिकचा चिवडा घेऊन बसलोय, येऊ द्या.

सह्याद्रीप्रेमी

बाणेदार, तुमच्याबद्दल आदर आहे, पण शिकारीवरचा धागा बघून वाईट वाटलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि शिकार हा गुन्हा आहे. नाशिक जिल्ह्यात आजही रात्री बॅटरी घेऊन ससे-तितर मारणारे आहेत. त्यांना असे धागे वाचून हुरूप यायला नको. शांतपणे मारलं काय नि घाबरत मारलं काय, जीव जातोच.

बाणेदार

सह्याद्रीप्रेमी, स्पष्ट लिहिलंत ते बरं केलं. मीही स्पष्ट लिहितो: भारतात धनुष्य हातात घ्यायचं ते टार्गेटवर मारायला. माझ्या मैदानावर कुणी कबुतरावर नुसता नेम जरी धरला तरी त्याचं धनुष्य त्या दिवसापुरतं बंद. पण भाऊ जिथे राहतो तिथे शिकार होणारच आहे. ती करणाऱ्याचा हात स्थिर असावा, आणि शंका आली तर त्याने बाण सोडू नये, एवढं तरी मला त्याला सांगता आलं पाहिजे.

गणू_ग्रँडरॅपिड्स

मूळचा सिडकोचा, आता मिशिगनमध्ये. मी इथे धनुष्याने शिकार करतो, म्हणून लिहितो.

आधी सह्याद्रीप्रेमींसाठी. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला शिकारीचाच मोठा हातभार लागतो. शहराबाहेरच्या रस्त्यांवर हरीण गाडीला धडकणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय 1937 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवर कर बसतो, नंतर धनुष्यबाणही त्यात आले, आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. तुम्हाला शिकार पटावी असा आग्रह नाही. फक्त इथली चौकट वेगळी आहे.

आता मूळ प्रश्न. बाणेदारांच्या भावाचं जे होतं ते इथे बहुतेक सगळ्यांचं होतं. थंडीत पहाटेपासून जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर, हार्नेस बांधून, न हलता बसायचं. खारीसुद्धा पाचोळ्यात हरणाएवढा आवाज करतात. मग एकदा आवाजाची लय बदलते. दोन पावलं, थांबा, एक पाऊल, थांबा. मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघायचं तर झाडांच्या खोडांमध्ये एक आडवी रेघ दिसते. जंगलात सगळं उभं असतं, आडवी असते ती हरणाची पाठ. त्या क्षणी जे होतं ते टार्गेटवर कधीच होत नाही, कारण टार्गेट तुमच्याकडे बघत नाही.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

हंगामाच्या आधीच नियम ठरवून टाकायचे. माझं अंतर 25 यार्ड, त्यापुढे काहीही येवो, धनुष्य खालीच. हरीण पूर्ण आडवं उभं असेल किंवा तोंड पलीकडे करून तिरकं असेल तरच बाण. तोंड माझ्याकडे असेल तर नाही, कारण मध्ये खांद्याचं हाड येतं. मचाणावर पोचलो की आजूबाजूच्या चार-पाच झाडांची अंतरं रेंजफाइंडरने मोजून ठेवतो. हरीण आल्यावर मोजायला काही उरतच नाही. निम्मी घबराट म्हणजे त्या घाईतला हिशेब असतो.

शिंगांकडे बघायचं ते एकदाच. नर आहे, ठीक. नंतर डोळे पुढच्या पायामागच्या एका केसाच्या पुंजक्यावर. 'हरीण' मारायला गेलात की बाण हरणात कुठेही जातो.

आणि बाणेदार म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी खेचलेलं धनुष्य उतरवून हरणाला जाऊ दिलंय. ते गेल्यावर जे समाधान वाटलं ते आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

पंचवटीकर

गणूशेठ, "टार्गेट तुमच्याकडे बघत नाही" हे वाक्य फ्रेम करून मैदानावर लावा.

वैद्यबाई

शरीराच्या बाजूने थोडं लिहिते.

अचानक महत्त्वाचं काही समोर आलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ठोके वाढतात, मोठ्या स्नायूंकडे रक्त जातं, बाहुल्या रुंदावतात, नजर आकसून एकाच ठिकाणी खिळते, आवाज दबल्यासारखे येतात. पळायला किंवा झुंजायला हे सगळं उत्तम. बोटाच्या पेराने हलक्या दाबाचं काम करायला मात्र वाईट, कारण बारीक थरथर यामुळेच वाढते. रक्तात गेलेलं अ‍ॅड्रेनलिन "शांत हो, शांत हो" म्हणून लगेच उतरत नाही, त्याला काही मिनिटं लागतात.

हाताशी असलेलं एकच साधन म्हणजे श्वास. बाहेर सोडताना ठोके किंचित मंदावतात, आत घेताना वाढतात. म्हणून नाकाने आत, आणि त्याच्या दुप्पट वेळ घेत बाहेर. असे चार-पाच श्वास हरीण दिसल्यापासून, धनुष्य खेचायच्या आधी. खेचल्यानंतर श्वासाचे प्रयोग नकोत. बराच वेळ श्वास कोंडला की थरथर वाढतेच आणि नजरही अंधुक व्हायला लागते.

ठोके वाढलेत म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजू नका. 'अंग कामाला तयार होतंय' असं स्वतःला सांगणं 'मला भीती वाटता कामा नये' पेक्षा सोपं जातं, आणि ते खरंही आहे.

महत्त्वाचं: हाताची थरथर थांबवणारी 'ती छोटी गोळी' मित्राकडून घेऊन स्पर्धेला जाणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या गोळ्या बीटा ब्लॉकर असतात. तिरंदाजीत त्या स्पर्धेत तर प्रतिबंधित आहेतच, सरावाच्या काळातही आहेत. दम्याच्या रुग्णाला तर त्या जिवावर बेतू शकतात. कृपा करून या वाटेला जाऊ नका.

तिची_आई

वैद्यबाई, गोळीबद्दल लिहिलंत, मनापासून आभार. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकते.

माझी मुलगी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) खेळते, नववीत आहे. सरावात छान मारते. जिल्हास्तरावर उभी राहिली की क्लिकरच पडत नाही. खेचते, खेचते, हात थरथरायला लागतो, मग सगळं खाली. सर म्हणतात 'मनातून काढून टाक'. ती म्हणते, 'काय काढून टाकू?' बाणेदार दादा, तुमचं 'उतर' हे तिच्यासाठी उलटं पडेल का? ती तर आधीच उतरवतेय.

बाणेदार

ताई, फार नेमका प्रश्न.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लिकर म्हणजे धनुष्याला लावलेली धातूची पातळ पट्टी. बाण तिच्याखालून सरकतो. पूर्ण खेच झाली की बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं, 'टक्' होतं आणि त्या आवाजावर बाण सुटतो. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पाठीच्या स्नायूंनी घ्यायचे असतात. मन घाबरलं की पाठ थांबते आणि सगळा भार दंडावर येतो. म्हणून तिचा क्लिकर पडत नाही.

तुमची मुलगी उतरवते ती हतबल होऊन. मी सांगतो ते उतरवणं ठरवून असतं. सराव असा: टार्गेटचा कागद काढून टाका. रिकाम्या बटपासून (बाण अडवणाऱ्या जाड गादीपासून) चार-पाच पावलांवर उभं राहायचं, खेचल्यावर डोळे मिटायचे, कुठे लागेल याचा विचारच नाही, फक्त पाठ आणि 'टक्'. हे बरेच दिवस, रोज. मग मोठा कागद जवळून. मग हळूहळू मागे. नेम आणि सुटका या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवायच्या.

ठाम_मत

मी रिकर्व्ह शिकवतो आणि बाणेदारांच्या मूळ सिद्धांताशी असहमत आहे.

ऑलिंपिक पद्धतीच्या सामन्यात दोघं आळीपाळीने मारतात तेव्हा एका बाणाला 20 सेकंद मिळतात. त्यात धनुष्य उचला, खेचा, नेम धरा, सोडा. एकदा उतरवलं तर दुसऱ्यांदा खेचायला जेमतेम वेळ उरतो, आणि तो बाण हमखास घाईचा जातो. 'नाही म्हणायची मुभा' म्हणजे मनात शंकेला दार उघडून देणं. माझ्या खेळाडूंना मी सांगतो: शंका रेषेच्या मागे. रेषेवर पाय ठेवला की बाण गेलाच पाहिजे.

पॅरिस 2024 चा पुरुषांचा अंतिम सामना आठवा. कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन, पाच सेटनंतर बरोबरी, एकेका बाणाचा शूट-ऑफ. दोघांचेही दहा. किम जिंकला तो 4.9 मिलिमीटरने मध्याच्या जवळ होता म्हणून. 70 मीटरवरून! तिथे 'सोडू की नको' असा विचार करणारा माणूस उभाच राहू शकत नाही.

पंचवटीकर

4.9 मिलिमीटर! आमच्या गल्लीत क्रिकेटमध्ये एवढ्यावरून आउट-नॉटआउटची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

सिन्नरचा_वारा

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांचा उल्लेख अजून कसा नाही? 2023 ला बर्लिनमध्ये एकाच दिवशी दोघंही कंपाऊंडचे जागतिक विजेते झाले. ती 17 वर्षांची, साताऱ्याची. तो नागपूरचा, सरावाला साताऱ्यातच. ओजसने फायनलमध्ये 15 बाणांत 150 पैकी 150 मारले, समोरच्याचे 149. म्हणजे एक जरी बाण नवात गेला असता तर बरोबरी. पंधराच्या पंधरा दहा! दडपणाचं उदाहरण हवं तर आपल्याच मातीतलं आहे की.

बाणेदार

सिन्नरचा_वारा, तो सामना मी मुलांना दर महिन्याला दाखवतो. ओजसच्या बाणांपेक्षा बाणांच्या मधला ओजस बघा म्हणतो. प्रत्येक वेळी तेच हात, तोच क्रम, तेवढाच वेळ.

ठाम_मत सर, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण माझ्या पाहण्यात 20 सेकंदांत उतरवणारे फार थोडे असतात, आणि उतरवण्याचा सराव असलेली मुलंच कमी उतरवतात. ज्याला उतरवायची भीती असते तो खेचतानाच घाईत असतो.

करवंद

वन खात्यातून निवृत्त आहे. धनुष्य कधी हातात धरलं नाही. पण बिबट्याला बेशुद्ध करणाऱ्या पथकासोबत निफाड, सिन्नर, दिंडोरी आणि खुद्द नाशिक शहरातही उभा राहिलोय. बाणेदारांनी 'एकच संधी' म्हटलं म्हणून लिहितो.

उसाच्या पट्ट्यातला बिबट्या पहाटे वाट चुकून कॉलनीत शिरतो. सहा वाजता कुणीतरी आरडाओरडा करतं, सातला हजार माणसं. गच्चीवर माणसं, कंपाऊंडच्या भिंतीवर माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बिबट्या जिन्याखाली किंवा बाथरूममध्ये दबून बसलेला. त्याचे कान मागे चिकटलेले, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. आणि डॉक्टरांच्या हातात डार्टची बंदूक.

हे काम गोळी मारण्यासारखं नाही. डार्टमध्ये औषध असतं, सहसा केटामाइन आणि झायलाझिन. बिबट्याच्या वजनाचा अंदाज नजरेने करून डोस भरायचा. अंतर बघून बंदुकीचा दाब लावायचा. दाब जास्त झाला तर सुई हाडापर्यंत जाऊन इजा होते, कमी झाला तर डार्ट आपटून खाली पडतो. लागायला पाहिजे मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत. छातीत, पोटात, डोक्याकडे अजिबात नाही. आणि नीट लागला तरी बिबट्या लगेच पडत नाही. पाच, दहा, कधी पंधरा मिनिटं तो बिथरलेला फिरू शकतो. तेवढ्यात हजार माणसांमध्ये काय होईल याचा विचार डार्ट मारणाऱ्यालाच करावा लागतो.

मी ज्या डॉक्टरांसोबत काम केलं ते शांत होते, कारण त्यांची पहिली अट ठरलेली होती: गर्दी मागे गेल्याशिवाय मी बंदूक उचलणार नाही. आमदार येवोत की वाहिनीवाले. लोक ओरडायचे, "साहेब, मारा ना!" ते पाठ करून उभे राहायचे. पोलिसांनी दोर लावला, गच्च्या रिकाम्या झाल्या, की मग पुढे.

आणि विहिरीतल्या बिबट्याला डार्ट मारायचाच नाही. पाण्यात असताना गुंगी आली तर तो बुडून मरतो. त्याला आधी दोरखंडाने बाज किंवा पिंजरा खाली सोडायचा. बिबट्या स्वतःच बाजेवर चढतो, टेकतो, धापा टाकत बसतो. निफाडकडे हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. विहिरीच्या काठावर 'काहीतरी करा' असं सगळं गाव म्हणत असतं, आणि करायचं असतं ते एवढंच की बंदूक गाडीतच ठेवायची.

म्हणून ठाम_मत सरांना नम्रपणे सांगतो: तुमच्या खेळात घड्याळ चालू असतं, म्हणून तुमचं म्हणणं तिथे बरोबर असेल. जिथे समोर जीव आहे तिथे बाणेदारांचं बरोबर आहे.

सह्याद्रीप्रेमी

करवंद काका, हे वेगळा लेख करून लिहा, हात जोडतो. आणि गर्दी करणाऱ्या नाशिककरांना उद्देशून एक परिच्छेद जरूर टाका.

पंचवटीकर

बाजेवर बसलेला बिबट्या डोळ्यासमोर आला. चहा विचारायचा राहिला असेल फक्त.

पाणथळ

थोडं अवांतर. मी नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढतो. (महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 पासून. गेला नसाल तर हिवाळ्यात पहाटे जा.) कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) पाण्यावर झेपावतो तो क्षण सेकंदभराचाही नसतो. नवे लोक कॅमेरा डोळ्याला लावून पक्ष्याचा पाठलाग करत बसतात, हात दुखतात आणि खऱ्या झेपेला बोट गोठतं. मी उलटं करतो. कॅमेरा खाली, नुसतं बघत राहायचं. झेपेआधी तो हवेत पंख फडफडवत एका जागी थांबतो, पाय खाली सोडतो. ते दिसलं की मगच कॅमेरा वर. म्हणजे गणूभाऊ म्हणतात तसं, आधी जनावर वाचायचं.

माझं बोट चुकलं तर फोटो जातो, बाकी काही नाही. तुमच्या कामाची याच्याशी बरोबरी करत नाहीये.

गणू_ग्रँडरॅपिड्स

पाणथळ, बरोबरी होतेच. नव्या शिकाऱ्याला मी हेच सांगतो: पहिले काही दिवस धनुष्य घरी ठेवून मचाणावर बस. हरणं जवळून जाऊ दे. ती कान कधी फिरवतात, शेपटी कधी हलवतात, खाताना मान खाली घालून अचानक वर करून कशी फसवतात, ते बघ. हरीण दिसणं ही रोजची गोष्ट झाली की धडधड उतरते. बाणेदार, तुमच्या भावाला हे नक्की सांगा. कुणीतरी यूट्यूबवरचे श्वासाचे व्हिडिओ पाठवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

अजून एक मुद्दा, अंतराचा. माझा बाण सेकंदाला साधारण 280 फूट जातो. 30 यार्ड म्हणजे 90 फूट, म्हणजे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. धनुष्याचा आवाज सेकंदाला 1100 फुटांच्या वेगाने जातो, तो हरणापर्यंत आधीच पोचलेला असतो. हरणाला जवळपास पाव सेकंद मिळतो. सावध असलेलं हरीण तेवढ्यात पळण्यासाठी खाली दबतं आणि अचूक सोडलेला बाणही पाठीवरून निघून जातो किंवा भलत्याच जागी लागतो. म्हणून मान वर करून माझ्याकडे रोखून बघणाऱ्या हरणावर मी बाण सोडत नाही, कितीही जवळ असलं तरी. अशा वेळी शांत राहणं म्हणजे काहीच न करणं.

आणि बाण सुटल्यावरची शांतता कुणी सांगत नाही. सगळ्यात मोठी घाई तिथे होते. लागल्या लागल्या खाली उतरून मागे पळालं तर जखमी हरीण मैलभर जातं आणि सापडत नाही. बसून राहायचं, किमान अर्धा तास. मग बाण शोधायचा. त्यावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुसात लागलाय, हरीण जवळच असेल. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात लागलाय, मग कित्येक तास थांबायचं. तो अर्धा तास मला नेमापेक्षा कठीण जातो.

मास्तर_सुरगाणा

आश्रमशाळेत शिकवतो. आमच्या मुलांत बांबूच्या धनुष्याने इंडियन राउंड खेळणारी आहेत. बाहेरचे पाहुणे आले की हमखास म्हणतात, "यांच्या रक्तातच आहे हो." मला ते ऐकवत नाही. ही पोरं सकाळी साडेपाचला उठतात, थंडीत दातावर दात वाजत असताना बाण मारतात, संध्याकाळी बाण गोळा करून पिसं पुन्हा चिकटवतात. त्यांचा हात शांत आहे तो या कष्टांमुळे. रक्ताला श्रेय दिलं की कष्टांचं श्रेय जातं, आणि ज्याला जमत नाही त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मुलांत खरोखर वेगळी दिसते. बाण चुकला की ती वळून कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. शहरातली मुलं प्रत्येक बाणानंतर आई-बाबा कुठे बसलेत ते बघतात. तिची_आई, राग मानू नका, पण हे आम्ही स्पर्धांमध्ये नेहमी बघतो.

तिची_आई

मास्तर, राग कसला. पुढच्या स्पर्धेला मी मैदानाबाहेर चहा पीत बसेन. तिच्या बाबांनाही घेऊन जाईन, त्यांना जास्त गरज आहे.

ज्ञानेश_वाचक

मास्तरांच्या प्रतिसादाला +1.

सगळ्यांनी अर्जुनाची गोष्ट लहानपणी ऐकली आहे, पण बाणेदारांचा धागा वाचताना तिच्यातली एक बाजू पहिल्यांदा लक्षात आली. आदिपर्वात द्रोणाचार्य झाडावर कृत्रिम भास पक्षी ठेवतात. युधिष्ठिराला पुढे बोलावतात, धनुष्य खेचून नेम धरायला लावतात आणि विचारतात, काय दिसतंय? तो झाड, पक्षी, भाऊ, गुरुजी सगळंच सांगतो. द्रोण त्याला बाण सोडूच देत नाहीत, बाजूला हो म्हणतात. मग एकेक करून बाकीच्या सगळ्यांचं तेच. म्हणजे त्या दिवशी इतक्या जणांनी धनुष्य खेचलं आणि बाण सुटला तो एकाचाच. (मूळात अर्जुनाला पक्ष्याचं मस्तक दिसतं. डोळा आपण नंतर घातला.)

बाणेदार, तुमचं 'उतर' फार जुनं आहे.

बाणेदार

ज्ञानेश, अंगावर काटा आला. उद्या मुलांना सांगतो.

ठाम_मत

हे उदाहरण छान आहे आणि माझ्या बाजूचं आहे :) द्रोणांनी उतरवायला लावलं, शिष्यांनी स्वतः ठरवलं नाही. ज्याचं लक्ष तयार नाही त्याला गुरूने रेषेवर येऊच द्यायचं नाही. मी तेच म्हणतोय.

पण करवंद काकांचा प्रतिसाद वाचल्यापासून विचार करतोय. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात 'उतर' नको, हे मत कायम. ऑफ-सीझनमध्ये मात्र करून बघायला हरकत नाही. आणि गोंगाटात सराव हवा. कोरियाचा संघ मोठ्या स्पर्धेआधी भरलेल्या बेसबॉल स्टेडियममध्ये जाऊन मारतो. आपल्याकडे गणपतीत ढोल-ताशांचा सराव चालू असतो, त्याच्या शेजारी मुलांना उभं केलं तर फुकटात काम होईल.

पंचवटीकर

गोदाकाठी पथकाचा सराव चालू असताना शेजारच्याशी बोलता येत नाही, तिथे क्लिकरचा 'टक्' कसा ऐकू येणार सर?

ठाम_मत

कानाने नाही, बोटांना कळतो. तोच तर सराव.

वैद्यबाई

ढोलाशेजारी मुलांना उभं करणार असाल तर कानात बोळे घाला आणि वेळ थोडा ठेवा. लहान मुलांच्या कानांचा प्रश्न आहे.

बाणेदार

भावाशी पुन्हा बोललो. गणूभाऊंचे दोन्ही प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. त्याच्या धनुष्याबद्दल विचारलं तर 70 पौंडांचं निघालं (म्हणजे खेचायला एवढा जोर लागतो, यालाच आम्ही धनुष्याचं वजन म्हणतो). दुकानदाराने 'हरणाला एवढं लागतंच' म्हणून दिलं. आता 80 टक्के लेट-ऑफ (पूर्ण खेचल्यावर भार उतरणं) असल्यामुळे पूर्ण खेचल्यावर हातात 14 पौंडच राहतात, ते धरणं जमतं. पण तिथपर्यंत पोचताना मधल्या टप्प्यात पूर्ण 70 ओढावे लागतात, आणि तेही थंडीत दोन तास बसून अंग आखडल्यावर, जाड जॅकेट घालून. तो धनुष्य आभाळाकडे करून झटक्याने खेचतो. एवढी हालचाल हरणाला दिसणारच, आणि त्या झटक्यातच त्याचे ठोके वाढत असणार. त्याला म्हटलं, खुर्चीत बसून, धनुष्य समोर सरळ धरून, आवाज न करता खेचता येईल इतकंच वजन ठेव. नाहीतर श्वासाचं सगळं शास्त्र वाया.

गणू_ग्रँडरॅपिड्स

अगदी बरोबर पकडलंत. टोकाची पाती रुंद नसलेला, धारदार बाण असेल तर इथल्या हरणाला 50-55 पौंड पुरतात. लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) धरणारे बोल्ट सैल करून वजन उतरवता येतं, फक्त किती फेऱ्या सैल करायच्या ते कंपनीच्या पुस्तिकेत बघून. आणि वजन बदललं की साइटच्या पिना पुन्हा लावून घ्यायला सांगा, बाण खाली पडतील.

तिची_आई

बाणेदार दादा, हे वाचून आज मुलीच्या धनुष्याचं वजन सरांना विचारलं. मागच्या वर्षी स्पर्धेसाठी वाढवलं होतं म्हणाले. क्लिकर न पडण्याचं कारण तेही असू शकेल का? आणि असेल तर कमी करू की तुमचा रिकाम्या बटचा सराव आधी?

बाणेदार

असू शकतं ताई, आणि आधी तेच तपासा. साधी परीक्षा: पूर्ण खेचून, क्लिकरच्या अलीकडे, ती सलग किती सेकंद स्थिर राहू शकते ते बघा. बाण लावलेला असू दे, समोर बट असू दे. पंधरा-वीस सेकंदांच्या आत खांदा वर यायला लागला तर वजन तिच्या अंगापेक्षा जास्त आहे. मग हलके लिंब लावा, लांबच्या अंतराला साइट खाली सरकवावी लागेल ती सरकवू द्या, आणि त्याच हलक्या धनुष्यावर रिकाम्या बटचा सराव सुरू करा. सरांना विश्वासात घेऊनच करा. हवं तर शनिवारी संध्याकाळी दोघींनी मैदानावर या, माझ्याकडे हलक्या लिंबांची जादा जोडी आहे.

ठाम_मत

लिंब देताना बाणही बघा. हलक्या लिंबांवर तिचे सध्याचे बाण कडक पडतील आणि एका बाजूला जातील, मग पोर पुन्हा स्वतःला दोष देत बसेल. माझ्याकडे मऊ शाफ्टचा (दांडीचा) जुना संच आहे, मीही शनिवारी आणतो.